मधमाश्यांचे फादर: यान जेर्झोन (१८११–१९०६)

दरवर्षी २० मे हा दिवस जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो. स्लोव्हेनियातील मधपाळ आंतोन यान्शा ह्यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ साली ही तिथी निश्चित केली. ख्रिस्तसभेचे मधमाशीशी असलेले नाते मात्र त्याहून फार जुने आहे. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज मधपाळांचे आश्रयदाते संत मानले जातात. पास्काच्या जागरणविधीत मेणबत्तीची स्तुती गायली जाते तेव्हा त्या मेणामागील मधमाश्यांच्या श्रमाचाही आदराने उल्लेख होतो. असे असूनही, मधमाशीच्या कुटुंबाचे रहस्य जगापुढे उलगडणाऱ्या आणि आधुनिक मधपेटीचा पाया घालणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव आपल्या लोकांच्या कानांवर क्वचितच पडते. ते म्हणजे फादर यान जेर्झोन. जर्मन ग्रंथांत त्यांचा उल्लेख योहान जेर्झोन असा आढळतो.

त्यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण अर्थातच त्यांचे संशोधन. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ह्या धर्मगुरूंच्या आयुष्यातील बत्तीस वर्षे ख्रिस्तसभेबाहेर गेली आणि वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते स्वगृही परतले. त्यांच्या जीवनाची ही बाजू झाकून ठेवणे त्यांच्यावरही अन्यायाचे ठरेल आणि सत्यावरही.

शेतकऱ्याचा मुलगा

यान जेर्झोन ह्यांचा जन्म १६ जानेवारी १८११ रोजी सिलेशिया प्रांतातील लोव्हकोवित्से ह्या खेड्यात एका पोलिश शेतकरी कुटुंबात झाला. त्या काळी सिलेशिया प्रशियाच्या राज्यात होता. आज हे गाव पोलंडमध्ये, क्लुचबोर्क शहराजवळ आहे. वडिलांच्या शेतात झाडांच्या पोकळ ओंडक्यांत मधमाश्या पाळलेल्या होत्या. लहानग्या यानला त्यांचे वेड तेथेच लागले.

गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर आईवडिलांनी त्यांना शेजारच्या गावातील प्रॉटेस्टंट शाळेत घातले आणि १८२२ साली, अकराव्या वर्षी, ते ब्रेस्लाउ शहरातील माध्यमिक विद्यालयात दाखल झाले. हे शहर आज व्रोत्स्वाफ ह्या नावाने ओळखले जाते. तेथील विद्यापीठात त्यांनी कॅथलिक ईशज्ञानाचा अभ्यास पूर्ण केला. १८३४ साली त्यांना याजकदीक्षा मिळाली आणि १८३५ साली कार्ल्समार्क्ट ह्या छोट्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू म्हणून त्यांची नेमणूक झाली. शहरातील मोठ्या पदांच्या मागे ते लागले नाहीत. खेड्यातील धर्मग्रामात मिस्सा, साक्रामेंते व लोकांची सेवा ह्यांतून उरलेला वेळ आपल्या मधमाश्यांना देता येईल, ह्यात त्यांना समाधान होते. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्यांचा मुक्काम तेथेच होता.

न मोडता उघडणारे घर

फादर जेर्झोन ह्यांनी काय साधले हे समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे. युरोपातील शेतकरी गवताच्या विणलेल्या टोपल्यांत किंवा ओंडक्यांत मधमाश्या पाळत. माश्या आपली पोळी आतल्या भिंतींना घट्ट चिकटवत. आत काय चालले आहे ते पाहण्याचा मार्ग नव्हता. पाहायचे तर पोळे कापावे लागे. मध काढण्याच्या वेळी पुष्कळ ठिकाणी गंधकाचा धूर देऊन सारी वसाहत मारून टाकीत. वर्षभर राबणाऱ्या जिवाला मोबदला म्हणून मरण मिळे.

१८३८ साली फादर जेर्झोन ह्यांनी निराळी पेटी तयार केली. पेटीच्या वरच्या भागात त्यांनी लाकडी पट्ट्या समान अंतरावर मांडल्या. माश्या प्रत्येक पट्टीखाली एकेक पोळे बांधीत. पट्टी बाहेर ओढली की पोळेही सोबत येई. ते तपासून पुन्हा जागेवर ठेवता येई, किंवा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत नेता येई. पुढे, १८४८ च्या सुमारास, पट्ट्या बसविण्यासाठी त्यांनी पेटीच्या भिंतींत सुमारे ८ मिलिमीटरच्या खाचा पाडल्या. ह्या मापामागे बारीक निरीक्षण आहे. फार अरुंद फट दिसली तर मधमाश्या ती डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवतात आणि फट रुंद असली तर तेथे जादा पोळे बांधतात. ह्या दोहोंच्या मधले अंतर त्या येण्याजाण्यासाठी मोकळे ठेवतात.

पेटी कशी करावी, वसाहत कशी वाढवावी, कृत्रिम रीतीने तिची विभागणी कशी करावी, हे सारे त्यांनी १८४८ साली एका ग्रंथात मांडले. १८६१ साली त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८८२ साली लंडनमध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. ह्याशिवाय त्यांनी मधमाशीविषयक नियतकालिकांतून शेकडो लेख लिहिले.

ही वाटचाल सुखाची नव्हती. चोरी, आग आणि पूर ह्या तिन्ही आपत्तींनी त्यांच्या पेट्यांचे नुकसान केले. १८४८ साली तर पिल्ले कुजविणारा फाउलब्रूड हा रोग त्यांच्या पेट्यांत शिरला आणि पाचशेहून अधिक वसाहती नष्ट झाल्या. जेमतेम दहाएक निरोगी वसाहती वाचल्या. ज्या वर्षी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ही आपत्ती ओढवली. परंतु ग्रंथात सांगितलेल्या पद्धतीनेच त्यांनी त्या दहांचे संगोपन केले आणि १८५१ च्या शरद ऋतूपर्यंत त्यांच्याकडे पुन्हा सुमारे चारशे वसाहती उभ्या राहिल्या.

पित्यावाचून जन्मणारा नर

पोळी हलविता येऊ लागली आणि वसाहतीच्या आतले जीवन दिवसेंदिवस पाहता येऊ लागले. त्यातूनच त्यांना तो शोध लागला ज्यामुळे त्यांचे नाव जीवशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

वसाहतीत एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि काही शे नर असतात. राणी व कामकरी ह्या दोन्ही माद्या होत. त्याआधी, १८ व्या शतकाच्या अखेरीस, जिनिव्हाचे अंध संशोधक फ्रान्स्वा ह्यूबेर ह्यांनी आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी पाहून दाखवून दिले होते की ज्या राणीचे मीलन फार उशिरा होते ती केवळ नरांचीच अंडी घालते. असे का घडते, ह्याचा उलगडा कोणालाच झाला नव्हता. फादर जेर्झोन ह्यांनी पंख अधू असल्यामुळे मीलनासाठी बाहेर उडूच न शकलेल्या राण्यांचे निरीक्षण केले. त्याही अंडी घालीत, परंतु त्यांतून निव्वळ नर जन्मत. १८४५ साली त्यांनी आपला निष्कर्ष मधपाळांच्या एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केला: फलित अंड्यांपासून राण्या व कामकरी माश्या जन्मतात, आणि नर मात्र अफलित अंड्यांपासून, म्हणजे पित्यावाचून, जन्मतात.

विद्वानांना हे पटणे कठीण होते. बॅरन आउगुस्ट फॉन बर्लेप्श ह्या नामांकित मधपाळांनी प्रथम त्यांना कडाडून विरोध केला. स्वतः प्रयोग केल्यावर तेच त्यांचे खंदे पाठीराखे झाले. १८५३ साली फादर जेर्झोन ह्यांनी व्हेनिसजवळील मीरा ह्या गावाहून पिवळ्या इटालियन माश्यांची एक वसाहत मागविली. सिलेशियातील माश्या काळसर होत्या. इटालियन राणीचे मीलन काळसर नराशी झाले की कामकरी माश्या संमिश्र रंगाच्या निघत, परंतु नर आईसारखे पिवळेच राहत. पित्याचा अंश नरांत उतरत नाही, ह्याची ही उघड साक्ष होती. १८५५ साली प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन सीबोल्ड ह्यांनी बर्लेप्श ह्यांच्या घरी राहून सूक्ष्मदर्शकाखाली अंडी तपासली. कामकरी माश्यांच्या अंड्यांत त्यांना शुक्राणू आढळले. नरांच्या अंड्यांत आढळले नाहीत. खेड्यातील धर्मगुरूचा सिद्धांत विद्यापीठाच्या कसोटीला उतरला.

आज आपण जाणतो की कामकरी माशीच्या पेशीत ३२ गुणसूत्रे असतात आणि नराच्या पेशीत १६. लिंग ठरविणारे जनुक २००३ साली शोधले गेले आणि त्यामुळे जेर्झोन ह्यांच्या सिद्धांतात अधिक बारकावे आले. मूळ सिद्धांत मात्र अबाधित राहिला.

जुळी पेटी आणि दुमजली पेटी

सिलेशियाचा हिवाळा कडक असतो. वसाहत थंडीत जगवायची तर तिच्याजवळ पुरेसा मध हवा आणि ऊबही हवी. ह्यासाठी फादर जेर्झोन ह्यांनी जुळ्या पेटीचा पुरस्कार केला. सारख्या मापाच्या दोन पेट्या एकमेकींना पाठ लावून ठेवायच्या. प्रत्येकीत स्वतंत्र राणी आणि स्वतंत्र वसाहत. मधल्या बाजूने दोघी एकमेकींना ऊब देतात, त्यामुळे थंडीत प्रत्येकीचा मध कमी खर्च होतो. ही पेटी त्यांना इतकी प्रिय होती की १८९० साली, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी खास तिच्यावरच पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यांच्या पेटीत एक अडचण होती. ती मागच्या दाराने उघडत असल्यामुळे आतले पोळे हवे असल्यास आधीची सारी पोळी एकेक करून काढावी लागत. १८५१ साली अमेरिकेतील पाळक लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ ह्यांनी स्वतंत्रपणे वरून उघडणारी, चारही बाजूंनी चौकटी असलेली पेटी योजिली. त्या पेटीवर दुसरी पेटी रचता येई. आज जगभर वापरली जाणारी दुमजली पद्धत तेथून आली.

ह्या पद्धतीत पिल्लांसाठी एकाऐवजी दोन कप्पे एकावर एक ठेवतात आणि मधाचे कप्पे त्यांच्याही वर. ह्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. ऐन बहरात युरोपीय जातीची चांगली राणी दिवसाला सुमारे १५०० ते २००० अंडी घालते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात. म्हणजे एका वेळी तीस ते चाळीस हजार घरे नुसत्या पिल्लांनी व्यापलेली असतात. त्यांतच पराग आणि मधही साठवायचा असतो. एक कप्पा अपुरा पडला की वसाहतीत दाटी होते आणि अर्ध्याअधिक माश्या जुन्या राणीसह थवा करून निघून जातात. खालचा कप्पा माश्यांनी भरत आला की दुसरा दिल्याने राणीला जागा मिळते आणि हे बहुधा टळते.

हिवाळ्यात माश्या मध खात खात वर सरकतात. वसंताच्या आरंभी त्या वरच्या कप्प्यात आढळतात आणि खालचा रिकामा असतो. तेव्हा मधपाळ कप्प्यांची अदलाबदल करतात. पिल्ले दोन्ही कप्प्यांत पसरलेली असतील तर मात्र थंडीत असे करू नये, कारण मग पिल्लांची दोन जागी फाटाफूट होते आणि ती गारठून मरतात. केव्हा हात लावावा आणि केव्हा थांबावे, हे आत डोकावून पाहिल्यावरच कळते. आणि न मोडता आत डोकावण्याची वाट फादर जेर्झोन ह्यांनी दाखविली.

महाबळेश्वरच्या परिसरात आपले मधपाळ सातेरी जातीच्या माश्या पाळतात. त्यांची वसाहत युरोपीय माश्यांपेक्षा लहान असल्याने पिल्लांसाठी सहसा एकच कप्पा पुरतो. परंतु त्यांच्या पेटीतील चौकट हाताने उचलून पाहता येते आणि पोळे न पिळता मध काढता येतो, ह्यामागे त्या सिलेशियन धर्मगुरूंचेही ऋण आहे.

वियोगाची बत्तीस वर्षे

आता त्यांच्या जीवनातील दुःखद प्रकरणाकडे वळू या.

१८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने पोपमहोदयांच्या प्रमादातीततेचा सिद्धांत घोषित केला. ह्या सिद्धांताविषयी आजही गैरसमज आढळतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पोपमहोदयांच्या हातून चूक घडतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. सर्व ख्रिस्तसभेचे मेंढपाळ ह्या नात्याने ते श्रद्धा व नीती ह्यांविषयी अंतिम शिकवण जाहीर करतात, तेव्हा देवाच्या साहाय्यामुळे ती शिकवण प्रमादापासून सुरक्षित राहते, एवढेच ह्या सिद्धांताचे म्हणणे आहे.

जर्मन भाषिक प्रदेशांत ह्या घोषणेमुळे मोठी खळबळ माजली. अनेक विद्वानांनी विरोध केला. म्युनिकचे इतिहासकार फादर इग्नाट्स फॉन डॉलिंगर ह्यांना १८७१ साली बहिष्कृत करण्यात आले. विरोधकांपैकी काहींनी जुने कॅथलिक ह्या नावाने वेगळी चूल मांडली. फादर जेर्झोन ह्यांचे काही मतभेद त्यापूर्वीच उघड झाले होते आणि १८६९ साली धर्मप्रांताने त्यांना सेवेतून निवृत्त केले होते. नव्या सिद्धांताला त्यांनी मान्यता दिली नाही. १८७३ साली त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी म्युनिक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती.

तो काळही लक्षात घेतला पाहिजे. प्रशियाच्या सरकारने त्याच सुमारास कॅथलिक ख्रिस्तसभेवर कठोर कायदे लादले होते. धर्मगुरू तुरुंगात जात होते. फादर जेर्झोन ह्यांचे बिशप हाइन्रिख फ्योर्स्टर ह्यांना १८७५ साली सरकारने पदच्युत ठरविले आणि ते आपल्या धर्मप्रांताच्या ऑस्ट्रियातील भागात निघून गेले. वेढ्यात सापडलेल्या घरात आतले मतभेद अधिक तीव्र वाटतात. कोणाचीही बाजू घेऊन दुसऱ्याला दोष देणे आज सोपे आहे. त्या वेळी दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागली होती.

फादर जेर्झोन काही काळ कार्ल्समार्क्टमध्येच राहिले. १८८४ साली ते आपल्या जन्मगावी परतले आणि पुतण्याभाच्यांच्या परिवाराजवळ, शेतांच्या कडेला, आपल्या पेट्यांसह राहू लागले. जुन्या कॅथलिकांशी त्यांचा संबंध होता. मान्यवर भेटीला येत, देशोदेशींच्या संस्था सन्मान देत. परंतु ज्या वेदीसमोर चौतीस वर्षे त्यांनी धर्मग्रामासाठी मिस्साबलिदान अर्पण केले, ती त्यांच्यासाठी बंद झाली होती. धर्मगुरूला ह्याहून मोठी पोकळी कोणती असू शकेल?

वृद्धपणी त्यांच्या सिद्धांतावरही पुन्हा हल्ला झाला. फर्डिनांड डिकेल ह्या जर्मन शिक्षकाने नरही फलित अंड्यांपासूनच जन्मतात असे प्रतिपादन केले. १९०१ साली फ्रायबुर्ग येथे आलेक्झांडर पेत्रुंकेविच ह्यांनी नव्याने तपासणी करून जेर्झोन ह्यांचेच म्हणणे खरे ठरविले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

घरी परत

एप्रिल १९०५ मध्ये ख्रिस्तसभेशी त्यांचा समेट झाला. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९०६ रोजी, पंच्याण्णव वर्षांचे होऊन लोव्हकोवित्से येथे त्यांनी देह ठेवला. ज्या गावात त्यांचा जन्म झाला त्याच गावच्या दफनभूमीत ते विसावले आहेत.

पोलंड आणि जर्मनी ही दोन्ही राष्ट्रे त्यांना आपले मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलेशिया पोलंडकडे आला तेव्हा १९४६ साली एका शहराला त्यांच्या स्मरणार्थ जेर्झोनुफ असे नाव देण्यात आले. क्लुचबोर्क येथील वस्तुसंग्रहालयही त्यांचे नाव धारण करते.

वाचकहो, ह्या जीवनाकडे पाहताना आम्हाला एका गोष्टीचे विशेष मोल वाटते. फादर जेर्झोन ह्यांनी आधी पाहिले आणि मग सांगितले. पोळे कापून, माश्या मारून उत्तर मिळविण्याची घाई त्यांनी केली नाही; आतले जीवन अबाधित ठेवून ते पाहण्याची रीत शोधण्यात त्यांनी वर्षे घालविली. आपल्या कुटुंबांत आणि धर्मग्रामांतही मतभेद होतात. एखादा भाऊ दुरावतो, एखादी भगिनी मिस्साला येईनाशी होते. कित्येकदा आपण आत काय चालले आहे ते न पाहताच निकाल देऊन मोकळे होतो. कधी दुरावलेली व्यक्तीही परतीचा विचार मनातून काढून टाकते. फादर जेर्झोन ह्यांच्या बाबतीत बत्तीस वर्षे लागली, परंतु दार उघडले गेले आणि ते आत आले. आपल्या ओळखीतील कोणी असे दूर गेले असेल तर त्यासाठी बत्तीस वर्षे थांबण्याचे कारण नाही. ह्याच आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन भेट घेता येईल.